मावशी वेळेवर पोचतात तेव्हा

या देशात माणसांना इकडून तिकडं न्यायला काय काय ठेवलेलं आहे! रेल्वे आहे, एसटी आहे, विमान आहे, मोठ्या शहरांत जमिनीखालून पळणारी मेट्रो आहे, आमच्याकडं माणसं कोंबून नेणारं वडाप आहे, आणि काहीच नसलं तर उसाचा ट्रॅक्टर आहेच. एवढ्या सगळ्या व्यवस्थेला एका बाईनं एकटीनं हरवलेलं मी पाहिलं आहे. ती बाई म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाई. राहणार येरमाळा. मी त्यांना मावशी म्हणते. मागच्या हिवाळ्यापर्यंत कोणतंही वाहन मावशींना ठरल्या ठिकाणी ठरल्या वेळी पोचवू शकलेलं नव्हतं. वाहन बिघडतं म्हणून नव्हे, रस्ता खराब आहे म्हणूनही नव्हे (रस्ता खराब आहेच, त्यावर मी वेगळं पत्रक काढलेलं आहे), तर मावशी उतरत नाहीत म्हणून. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं पुरं झाल्याशिवाय त्या जागेवरून उठत नाहीत. मग त्यांचा थांबा येऊन जावो, जिल्हा संपो, नाहीतर रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलो.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सासूबद्दल सून बोलते तसं ताई काहीतरी तिखटमीठ लावून सांगतेय. पण मी स्वतः विचारलं तेव्हा मावशींनी अगदी शांतपणे, गहू निवडता निवडता सांगितलं, "हे बघ, ताटात अन्न टाकू न्हाय, आन् माणसाचं बोलणं अर्धं टाकू न्हाय. दोन्हीचं पाप सारखंच." मी चळवळीतली मुलगी. पाप-पुण्य मी मानत नाही. पण ताटात भात टाकून उठायची माझीही छाती होत नाही, त्यामुळं मी खाली बसून त्यांच्याबरोबर गहू निवडायला लागले.

त्यांची पद्धत अशी. गाडीत बसलं की मांडीवर डबा घ्यायचा. त्यात शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरीचे तुकडे. झाकण उघडायचं, शेजारच्यापुढं धरायचं आणि विचारायचं, "कुठलं गाव तुमचं?" तो काही का सांगेना, मावशींचं पुढचं वाक्य ठरलेलं: "तिथं आमचे पाव्हणे हायेत." कळंब म्हणा, बीदर म्हणा, पाटणा म्हणा, पाव्हणे निघतातच. एकदा केरळातल्या एका नर्सनं गावाचं नाव सांगितलं. ते मावशींना उच्चारताही आलं नाही. पण सोलापूरच्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रभर उशाशी बसलेली सिस्टर त्याच बाजूची होती. "मग ती पाव्हणीच की आमची!" असं म्हणून मावशींनी ते नातं तिथंच पक्कं केलं. आता समोरच्या माणसाला पळायला वाट उरत नाही. तो चटणी खातो, ठसका लागतो, पाणी पितो आणि मग सांगायला लागतो. घरचं, दारचं, भावकीचं, नवऱ्याचं. बसमध्ये लोक किती भरलेले असतात हे मावशींच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

एकदा चष्म्याची काडी मोडली म्हणून मावशी सकाळी धाराशिवला निघाल्या होत्या. तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, परक्या नंबरावरून फोन आला: "म्या हैदराबादला हाय. काळजी करू नका. बाईचं पोरगं कबूल झालं." कुठली बाई? कुठलं पोरगं? कशाला कबूल झालं? दाजी फोनवर ओरडत होते आणि पलीकडून मावशी त्यांना दम देत होत्या की हळू बोल, लोकाच्या घरी आहे मी. शेजारच्या बाईचा मुलगा आईशी वर्षभर बोलत नव्हता, एवढंच नंतर समजलं. मावशी थेट त्याच्या घरापर्यंत गेल्या आणि दोघांना एका ताटात जेवायला बसवून मगच उठल्या. चष्मा तसाच मोडका.

बरं, तिथून तरी सरळ घरी याव्यात! येताना नळदुर्गला धाब्यावर चहाला उतरल्या. तिथं पंजाबचा एक ट्रक ड्रायव्हर एकटाच डोकं धरून बसलेला. मावशी त्याच्या ट्रकमध्ये चढल्या आणि सुरतेला जाऊन आल्या. वाचकहो, मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहाचा कप खाली पडला. एकटी बाई, अनोळखी ट्रक, दोन राज्यं! मी त्याच महिन्यात 'महिलांनो, प्रवासात सावध राहा' असं पत्रक काढलं होतं. गुलाबी कागदावर, ठळक टायपात. 'अनोळखी व्यक्तीशी बोलू नका, अनोळखी व्यक्तीचे काही खाऊ नका.' मी तावातावानं येरमाळ्याला गेले आणि म्हटलं, "मावशी, हे पत्रक मी तुम्हाला निघण्याआधी दिलं होतं की नाही?"

"दिलं होतंस की. लई कामाला आलं. त्यातच त्या सरदारला चटणी बांधून दिली."

"पण त्याची भाषा तरी कळत होती का तुम्हाला?"

"ऐकायला भाषा कशाला लागती? मधनं मधनं 'व्हय का' म्हणायचं. बायको माहेरी जाऊन बसलीया त्याची. फोन करावा का न्हाय, ह्याचाच घोर. सुरत आली तवा केला त्यानं. मग उतरले."

"मावशी, तो अनोळखी माणूस होता!"

"गाव इचारल्यावर कसला अनोळखी?" असं म्हणून त्यांनी मलाच वेड्यात काढलं. तो सरदार अजूनही येरमाळ्यावरून ट्रक नेताना हॉर्न वाजवत जातो. बायकोसुद्धा एकदा शेजारी बसलेली होती म्हणे. पण त्यानं माझा मुद्दा खोटा ठरत नाही.

कळंबला जायला गाडी मिळाली नाही तेव्हा त्या एका वऱ्हाडाच्या टेम्पोत बसल्या, आणि गेल्या त्या थेट लग्नालाच. परत आल्या तेव्हा अंगावर आहेराची साडी. ना नवरी ओळखीची, ना नवरा. "नवरीच्या चुलतीचं सांगणं चाललं होतं," हा खुलासा. पुण्यात भाच्यानं त्यांना हौसेनं मेट्रो दाखवायला नेलं, तर त्या डब्यातल्या झाडूवालीबरोबर इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिल्या. त्याच भाच्यानं पुढं दिल्लीला बदली झाल्यावर विमानाचं तिकीट पाठवलं. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विमानात पुढं जायची सोय नाही. उतरलंच पाहिजे! मावशी उतरल्या. पण शेजारी जो टायवाला साहेब होता, त्याचं वडिलांबद्दलचं बोलणं आभाळात निम्मंच झालं होतं, म्हणून त्या त्याच्या मोटारीतून त्याच्या घरी गेल्या आणि भाचा विमानतळावर पोलिसांना आत्याचं वर्णन सांगत बसला. विमानाबद्दल मावशींचं मत वाईट आहे. "लई निर्दय गाडी. माणूस रडाया लागला की उतरवती."

या सगळ्यावर घरच्यांनी एक उपाय शोधून काढलेला होता, आणि तो मला फार उशिरा कळला. तो पुढं येईलच.

तर मागच्या हिवाळ्यात जबलपूरहून फोन आला. तिथं मावशींची लेक असते. नवरा कारखान्यात, सासू नाही, पहिलं पोर लहान, आणि दुसरं बाळंतपण अवघड असल्याचं डॉक्टर म्हणत होते. "आईला पाठवा," ती रडत म्हणाली, "पण वेळेत पाठवा." आता थट्टेचा विषय संपला होता. एका बाळंतिणीजवळ तिची आई असणार की नसणार, असा प्रश्न होता. घरात बैठक बसली. दाजींनी मोबाइलवर नकाशा काढला. विमान? नको, दिल्लीचा अनुभव ताजा होता. लांबचा रात्रीचा बसप्रवास? बसमध्ये शेजारी असतो. खासगी मोटार करून? ताई म्हणाली, "ड्रायव्हर बोलतो." एवढ्या मोठ्या देशात आपल्या आईला कुणाशी न बोलता नेणारं एकही वाहन नसावं, याचा दाजींना मनस्ताप झाला. शेवटी ठरलं की रेल्वेनं, कुर्डुवाडीहून, वातानुकूलित डब्यातून. आणि सोबत? सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. "तू मोकळीच असतीस की," दाजी म्हणाले, "नुसते कागद वाटायचे असतात." या वाक्याचा मी तिथंच निषेध नोंदवला. पण गेले.

मी ही मोहीम मोर्च्यासारखी आखली. मावशींना खिडकीला बसवायचं, शेजारी मी. समोरून कुणी तोंड उघडलं तर आपण मध्ये पडायचं. गरज पडली तर माझं जनरल डब्यांच्या प्रश्नावरचं भाषण सुरू करायचं, त्यापुढं कुणी टिकत नाही. (मी स्वतः वातानुकूलित डब्यात बसून ते करणार होते, याची लाज मला वाटत होती. पण बाळंतीण मोठी की तत्त्व?) बार्शीवरून कुर्डुवाडी गाठली. गाडी आली. आम्ही बसलो. मी बाह्या सरसावल्या.

आणि काहीच झालं नाही.

समोर एक तरुण होता, त्याच्या कानात इअरफोनची बोंडं. त्याच्या शेजारी नवरा-बायको, दोघं आपापल्या मोबाइलवर आपापला सिनेमा बघत होते. बाजूच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी. मावशींनी डबा उघडला. चटणीचा वास सुटला. "काय बाई, कुठलं गाव तुझं?" मुलीनं एका कानातलं बोंड काढलं, "हां?" म्हणाली, डब्याकडं बघून "नो थँक्यू आंटी" म्हणाली आणि बोंड परत घातलं. मावशींनी त्या तरुणाला विचारलं, "कुठवर?" त्यानं तोंडानं उत्तरसुद्धा दिलं नाही. मोबाइल वळवून नकाशा दाखवला. त्यावर एक निळा ठिपका सरकत होता. मावशी त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या. "ह्यो तू?" त्यांनी विचारलं. तोवर त्यानं मोबाइल वळवून घेतला होता.

पुढच्या एका स्टेशनवर एक म्हातारबाबा चढले. धोतर, टोपी, हातात काठी. मावशींचा चेहरा उजळला. मी सावध झाले. बाबा बसले, काठी नीट ठेवली, खिशातून मोबाइल काढला आणि भजनं लावून डोळे मिटले.

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी दाजींना मेसेज पाठवत होते: दौंड, सर्व ठीक. मनमाड, सर्व ठीक. त्यांचे अंगठे येत होते. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या, आणि ती काच उघडत नव्हती. इटारसीला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीतही तीच तऱ्हा. जबलपूर आलं. अगदी वेळेवर. मावशींच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं स्टेशन आलं आणि त्या उतरल्या.

लेकीनं दार उघडलं. आईला बघून ती किंचाळली. आनंदानं नव्हे. ती अक्षरशः घाबरली. "आई? तू? आत्ता? काय झालं? कोण गेलं?" मी अभिमानानं म्हटलं, "कोणी गेलं नाही. वेळेत आणलंय मी त्यांना." ती मटकन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "अगं, पण मी महिनाभर आधीची तारीख सांगितली होती!"

हाच तो उपाय. घरातलं कुठलंही लग्न, बारसं, वास्तुशांत असो, मावशींना तारीख आधीची सांगायची, म्हणजे सुरत-हैदराबाद करून त्या बरोबर अक्षता पडताना पोचतात. दाजींना माहीत होतं, ताईला माहीत होतं, जबलपूरला माहीत होतं. ही सरळ सरळ जनतेची फसवणूक होती! एका वयस्कर स्त्रीशी तिचंच कुटुंब वर्षानुवर्षं खोटं बोलत होतं, आणि या खेपेला बाळंतपण अवघड म्हणून मला, कार्यकर्तीला, त्यात दुहेरी बंदोबस्त म्हणून वापरून घेतलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तोच मावशी चपला काढत म्हणाल्या, "मला ठाव हाय की. हिच्या लग्नापासनं ठाव हाय. सगळे आधीची तारीख सांगत्यात, म्हणून तर म्या निवांत असते."

मी पिशवी खाली ठेवली. लेक पाणी आणायला उठली.

"ह्या खेपेला बी येळ लई होता," मावशी म्हणाल्या आणि तो भरलेला डबा ओट्यावर ठेवला. "पर माणूसच घावलं न्हाय."

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. मी त्याआधीच परत आले होते, फाट्यावर मुलींसाठी निवारा शेड बांधा या मागणीची पत्रकं वाटत होते. उन्हाळ्याच्या तोंडावर मावशी एकट्या परत यायला निघाल्या. ताईनं आपल्या अंदाजानं धरलं की आणखी चार-सहा दिवस तरी लागतील. सगळे घराला कुलूप लावून शेतात गेले. संध्याकाळी मी काही कामानं तिकडून जात होते, तर दारासमोरच्या कट्ट्यावर मावशी बसलेल्या. बाजूला बोचकं. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या गाडीनं आल्या होत्या. मी एवढे मोर्चे काढले, लाठ्याही पाहिल्या, पण एवढी कधी घाबरले नाही. बोचकं उचलायला गेले तर आतला डबा जड लागला.

"मावशी, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीया?" त्या म्हणाल्या. "येळेवर आले तर तुमाला तरास. न्हाय आले तरी तरास."

त्यानंतर त्या पंचक्रोशीत शिस्तीचं उदाहरण झाल्या. बाजारला गेल्या की बाजार करून येत. दाजी खूश होते. "आई सुधारली," म्हणत. मला त्या शब्दाचा राग यायचा आणि का येतो ते सांगता यायचं नाही.

मग परवा मी येरमाळ्याला एसटीत चढले. शेडचं निवेदन द्यायला धाराशिवला निघाले होते. चळवळीत आम्ही तिघीच राहिलो आहोत आता, बाकीच्या दोघी तिकडं थांबणार होत्या. आत बघते तर खिडकीला मावशी. डोळ्यांच्या डॉक्टरकडं निघालेल्या. मी शेजारी बसले आणि मोबाइल काढला. ग्रुपवर उत्तरं द्यायची होती, फोटो टाकायचा होता, कुणीतरी आमच्या मागणीची टर उडवली होती त्याला चोख प्रत्युत्तर द्यायचं होतं. येडशी आली तेव्हा मी मान वर केली. मावशी गप्प होत्या. डबा मांडीवर होता, झाकण बंद होतं, आणि त्या झाकणावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मी काचेतून बघावं तशी त्यांच्याकडं बघत होते.

मी मोबाइल पिशवीत टाकला आणि म्हटलं, "कुठलं गाव तुमचं?"

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. "येड लागलं का गं?"

"येरमाळा का?" मी म्हटलं. "तिथं आमचे पाव्हणे हायेत."

मावशी एवढ्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. डबा उघडला. माझ्याच पिशवीतलं एक पत्रक ओढून त्यावर चटणी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "बरं, तुझं काय चाललंय, पोरी?"

मी गावोगाव माइक घेऊन बोललेली आहे. पण हे कुणी विचारलं नव्हतं मला. मी म्हटलं, बरं चाललंय. मावशी म्हणाल्या, "व्हय का." मी म्हटलं, तसं बरं नाही. "व्हय का." मग मी सांगायला लागले. की पत्रकं कुणी वाचत नाही, लोक त्यात भजी गुंडाळतात. की आम्ही बऱ्याच जणी होतो आणि एकेकीचं लग्न होत गेलं. की माझ्याही घरी स्थळं बघायला लागलेत, मला भांडायचा कंटाळा आलाय, आणि मला भांडायचा कंटाळा येऊ शकतो याचीच मला भीती वाटते. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं असेल.

"धाराशिव! चला धाराशिव!" कंडक्टर ओरडला. मी दचकून उठले. दोघी वाट बघत असतील, निवेदन माझ्याकडं आहे. दंडाला हिसका बसला.

"बस खाली. अर्ध्यातनं उठत्यात व्हय?"

मी निवेदनाचा फोटो काढून त्या दोघींना पाठवला, छापून द्या म्हटलं, आणि बसले. गाडी स्टँडातून बाहेर पडून तुळजापूरच्या रस्त्याला लागली. डोळ्यांचा दवाखाना मागं गेला. कंडक्टर मशीन घेऊन आला.

"आजी, तुमचं तिकीट धाराशिवपर्यंतच होतं. दोघींचंही. आता कुठवरचं देऊ?"

"थांब जरा," मावशी डबा त्याच्यापुढं करत म्हणाल्या, "हिचं संपू दे, मग सांगते. तुझं गाव कुठलं?"